सत्तांतर: मतपेटीतून की बंदुकीतून?



आज दोन आकड्यांपासून सुरुवात करतो. ५४४ आणि ५७७.

अॅडम प्शेवोर्स्की हे पोलंडमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी जगभरच्या सत्तांतरांची मोजदाद केली. १७८८ ते २००८ या २२० वर्षांत निवडणुकीच्या निकालामुळे सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात गेली ती ५४४ वेळा. आणि उठावामुळे, म्हणजे बळाच्या जोरावर, सत्ता बदलली ती ५७७ वेळा. त्यांचाच हिशेब सांगतो की देशपातळीवरच्या साधारण पाच निवडणुकांपैकी एकीतच सत्तेवर बसलेल्यांचा पराभव होतो. उरलेल्या चारांत जे होते तेच पुन्हा येतात.

मी आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं गणवेशात काढली, त्यामुळे यातला दुसरा आकडा मला जास्त टोचतो. सरकार बदलायचं म्हणजे मत द्यायचं, हे आपण इतकं गृहीत धरलंय की जगाच्या इतिहासात ही पद्धत नवी आणि दुर्मीळ आहे हे लक्षातच येत नाही. आणि जी गोष्ट गृहीत धरली जाते तिची राखण कुणी करत नाही. आजचा विषय तोच आहे: मतपेटीतून होणारं सत्तांतर, आणि मतदानाला न जाणारा मतदार.

आधी १९९९ सालात चला. त्या वर्षी १७ एप्रिलला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार लोकसभेत एका मताने पडलं. बाजूने २६९, विरोधात २७०. लोकसभा विसर्जित झाली, सरकार काळजीवाहू झालं. आणि मे महिन्यात कारगिल सुरू झालं. म्हणजे टोलोलिंग, टायगर हिल ही सगळी लढाई या देशाने लढली तेव्हा दिल्लीत पूर्ण अधिकाराचं सरकारही नव्हतं. पण पलटणीत कुणी विचारलं नाही की हुकूम काळजीवाहू सरकारचा आहे, तो पाळायचा की नाही? नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं राजकीय नेतृत्वाने ठरवलं. ते बंधन लष्करी दृष्टीने जड होतं, ते पाळताना जास्त रक्त सांडलं, तरी ते पाळलं गेलं. जुलैअखेर युद्ध संपलं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मतदान झालं.

आता दोन तारखा शेजारीशेजारी ठेवा. १२ ऑक्टोबर १९९९ ला इस्लामाबादमध्ये लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ यांच्या सैन्याने नवाझ शरीफ यांचं सरकार उलथवलं. दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, दिल्लीत राष्ट्रपती भवनात वाजपेयींनी निवडणूक जिंकून पुन्हा शपथ घेतली. दोन्ही देश १९४७ साली एकाच ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाले. दोन्ही सैन्यं एकाच जुन्या ब्रिटिश इंडियन आर्मीतून निघाली. रेजिमेंटच्या परंपरा त्याच, मेसचे रीतिरिवाज तेच, कवायतही तीच. मग फरक कुठे पडला?

‘आमचं सैन्य शिस्तीचं’ हे उत्तर मला ऐकायला बरं वाटतं, पण ते पुरं नाही. फरक सैन्यापेक्षा मतदारांच्या सवयीत आहे. आमच्याकडे लोकांना निवडणुकीची सवय लागली. त्यांच्याकडे ती लागू दिली गेली नाही.

पाकिस्तानात प्रौढ मताधिकारावर पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडला. त्यात शेख मुजीब यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ पैकी १६० जागा जिंकल्या. ३०० जागांच्या सभागृहात तेवढ्यावर स्पष्ट बहुमत होतं. भुट्टोंच्या पक्षाला ८१ जागा. कुणी सरकार बनवायचं यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. पण पश्चिमेकडच्या लष्करशहांनी आणि नेत्यांनी निकाल मानला नाही. नॅशनल असेंब्लीची बैठकच भरू दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात रणगाडे उतरवले. पुढचं तुम्हाला माहीत आहे: लाखो निर्वासित, डिसेंबरचं युद्ध, १६ डिसेंबरला ९३ हजारांची शरणागती आणि बांगलादेश. लष्करी इतिहासाच्या वर्गात हे युद्ध आम्ही नकाशावर शिकतो. पण त्याचं मूळ मतमोजणीत आहे. एका निवडणुकीचा निकाल न मानल्याने एक देश फुटला.

आणि १९९९ चं काय? नवाझ शरीफ यांच्याकडे दोन तृतीयांश बहुमत होतं. पण ज्या १९९७ च्या निवडणुकीत ते मिळालं, तिच्यात मतदान झालं होतं जेमतेम एक तृतीयांशाच्या थोडं वर. जवळपास दोन तृतीयांश मतदार घरीच होते. दोन वर्षांनी ते सरकार उलथवलं गेलं तेव्हा रस्त्यावर मोठा उद्रेक झाला नाही. केवळ कमी मतदानामुळे बंड झालं असं मी म्हणणार नाही, कारणं अनेक होती. पण जे सरकार निवडायला लोक आले नाहीत, ते वाचवायलाही आले नाहीत, एवढं खरं. पाकिस्तानात एका निवडून आलेल्या सरकारने मुदत पूर्ण करून दुसऱ्या निवडून आलेल्या सरकारच्या हाती सत्ता दिली, असं पहिल्यांदा घडलं ते २०१३ साली. स्वातंत्र्यानंतर ६६ वर्षांनी.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्यालाही ही सवय आपोआप लागली नाही.

१९५१-५२ ची पहिली निवडणूक आठवा. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार, त्यातले बहुसंख्य निरक्षर. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. यादी करायला कर्मचारी घरी गेले तर उत्तरेत अनेक बायका स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. सेन यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं त्या वेळी यादीतून गेली. निर्णय कठोर होता, पण त्यातून एक गोष्ट ठरली: मत कुणाच्या आईला, बायकोला नाही, त्या बाईला स्वतःला आहे. हिमाचलात किन्नौर भागात बर्फ पडण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान घेतलं गेलं. तिथले शाळामास्तर श्यामसरन नेगी यांनी त्या दिवशी मत दिलं आणि पुढे सत्तर वर्षं एकही निवडणूक चुकवली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये वयाच्या १०६ व्या वर्षी ते गेले, त्याच्या काही दिवस आधी घरून टपाली मत देऊन.

त्या पहिल्या निवडणुकीत शंभरातल्या सुमारे पंचेचाळीस जणांनी मतदान केलं. १९६७ पर्यंत हा आकडा ६१ वर गेला, आणि त्याच वर्षी पहिला मोठा धक्का बसला. अनेक राज्यांत काँग्रेसने बहुमत गमावलं. मद्रासमध्ये द्रमुक आली, आणि ज्यांच्या शब्दावर पंतप्रधान ठरत होते ते कामराज आपल्या विरुदुनगर गावात एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. अमृतसरहून हावड्यापर्यंत काँग्रेसचं राज्य न लागता जाता येतं, असं लोक म्हणू लागले. केंद्रात मात्र बदल झाला नाही. त्याला अजून दहा वर्षं होती.

१९७७ ची गोष्ट आपण नेहमी ऐकतो ती आणीबाणीची म्हणून. मला त्यातले वेगळे तपशील महत्त्वाचे वाटतात. निवडणूक खरं तर १९७६ मध्ये व्हायची. लोकसभेची मुदत वाढवली गेली. विरोधी नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदतच पाचाची सहा वर्षं केलेली. १८ जानेवारी १९७७ ला निवडणूक जाहीर झाली आणि १६ मार्चला मतदान सुरू झालं. मध्ये दोन महिनेसुद्धा नाहीत. जनता पक्ष त्या काळात घाईने उभा राहिला. साधनं नाहीत, पैसा नाही. १९७१ ला ५५ टक्के मतदान झालं होतं, ते १९७७ ला ६० वर गेलं. उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. पण आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसला. आपल्या महाराष्ट्रात ४८ पैकी २०. म्हणजे सारा देश एका लाटेत वाहून गेला असंही नाही. जिथे नसबंदीचा आणि तुरुंगाचा जाच जास्त पोचला होता तिथे माणूस घराबाहेर पडला.

रायबरेलीत पंतप्रधान स्वतः ५५ हजार मतांनी हरल्या. आणि मग काय झालं? २१ मार्चला आणीबाणी उठली. २२ मार्चला इंदिरा गांधींनी राजीनामा दिला. २४ मार्चला मोरारजी देसाईंनी शपथ घेतली. सैन्य बराकीत होतं, बराकीतच राहिलं. ज्यांनी जवळपास एकवीस महिने देशाला कैदेत ठेवलं, त्यांनीही मतमोजणीचा निकाल मानला. इंदिराजींवर टीका करताना हेही सांगितलं पाहिजे. जिंकणाऱ्याचं कौतुक जग करतंच. लोकशाही टिकते ती हरणाऱ्याच्या वागण्यावर. आणि तीन वर्षांनी, १९८० ला, त्याच मतदाराने त्यांना ३५३ जागा देऊन परत आणलं. तेव्हा जनता सरकारच्या लोकांनीही निकाल मानला. माझ्या मते ही दुसरी फेरी पहिलीइतकीच महत्त्वाची. एकदा सरकार बदललं तर तो अपघात असू शकतो. बदललेलं सरकारही मतानेच घालवता येतं हे कळलं, की सवय लागते.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मतदान वाढलं की सरकार बदलतं, असंच ना? नाही. इतिहास इतका सोपा नाही. १९८४ ला सुमारे ६४ टक्के मतदान झालं आणि सत्ताधारी पक्ष चारशेच्या वर जागा घेऊन परतला. १९९९ पेक्षा २००४ ला मतदान थोडं कमी झालं आणि सरकार बदललं. पश्चिम बंगालमध्ये डावी आघाडी १९७७ पासून २०११ पर्यंत सलग ३४ वर्षं सत्तेत होती, आणि तिथे मतदान बहुतेक वेळा देशाच्या सरासरीपेक्षा चांगलं होतं. केरळमध्ये १९८७ पासून २०१६ पर्यंतच्या प्रत्येक विधानसभा निवडणुकीत सरकार बदललं, २०२१ मध्ये ती साखळी तुटली. ओडिशात नवीन पटनाईक २००० पासून २०२४ पर्यंत मुख्यमंत्री होते. लोकांना सरकार हवं असेल तर त्यांनी ते ठेवावं, त्यात गैर काही नाही. टिकून राहिलेलं सरकार म्हणजे लोकशाही मेली असा अर्थ नाही.

प्रश्न वेगळा आहे. सत्तेवर बसलेल्याला हरण्याची भीती आहे की नाही? ती भीती असेल तर तोच माणूस पाच वर्षं वेगळं वागतो. न बदलताही सरकार सुधारतं. आणि ती भीती निर्माण करतो तो कोण? पक्षाचा पक्का मतदार नव्हे. त्याचं मत आधीच ठरलेलं असतं आणि त्याला केंद्रावर न्यायला कार्यकर्ता येतोच. भीती असते ती न ठरलेल्या मतदाराची. तो घरी बसला की हिशेब सोपा होतो.

जपानचं उदाहरण पाहा. तिथे लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष १९५५ पासून १९९३ पर्यंत सलग सत्तेत होता. २००९ मध्ये मतदान सुमारे ६९ टक्क्यांवर गेलं आणि विरोधकांनी ४८० पैकी ३०८ जागा घेऊन त्याला साफ हरवलं. पण नव्या सरकारने निराशा केली. २०१२ मध्ये मतदान ५९ वर आलं, जुना पक्ष परतला. २०१४ मध्ये ते ५२-५३ पर्यंत घसरलं, आणि जुना पक्ष आरामात टिकला. निराश झालेला मतदार जुन्या पक्षाचा चाहता झाला होता असं नाही. तो घरी बसला होता. निकालावर परिणाम तोच.

आता आपली शहरं. पुणे लोकसभेत २०१९ ला पन्नास टक्केही मतदान झालं नाही. हैदराबादमध्ये २०१९ आणि २०२४ दोन्ही वेळा पन्नासच्या आत. आणि गडचिरोली-चिमूर? जिथे नक्षलवादी मतदानावर बहिष्काराची धमकी देत होते, जिथे मतदान पथकं हेलिकॉप्टरने उतरवावी लागत होती, तिथे दोन्ही वेळा सत्तरच्या वर. ज्याला केंद्रावर जाताना जिवाची भीती, तो जातो. ज्याच्या सोसायटीच्या समोर केंद्र, तो सुट्टीत लोणावळ्याला.

सगळेच आळशी असतात असं मात्र मी म्हणणार नाही. पोटासाठी सुरतला, बंगळुरूला, हैदराबादला गेलेल्या आपल्या माणसाचं नाव गावच्या यादीत असतं, आणि एका दिवसासाठी गावी जाणं त्याला परवडत नाही. त्याच्यासाठी सांगतो: जिथे राहता तिथे नाव हलवता येतं, त्यासाठी फॉर्म ८ आहे. काम घरबसल्या होतं. फक्त ते निवडणूक जाहीर होण्याची वाट न बघता आधी करायचं.

दुसरे असतात ते ‘सगळे सारखेच’ म्हणणारे. त्यांच्यासाठी २०१३ पासून नोटाचं बटण आहे. त्याने उमेदवार पडत नाही हे खरं. पण इंदूरचं २०२४ बघा. आपल्या होळकरांचं इंदूर. तिथे मुख्य विरोधी उमेदवाराने अर्ज मागे घेतला. तरी २ लाख १८ हजारांवर लोक रांगेत उभे राहिले आणि त्यांनी नोटा दाबलं. दुसऱ्या क्रमांकावर कुणी माणूस नव्हता, ते बटण होतं. त्याच निवडणुकीत सुरतला उमेदवार बिनविरोध निवडून आला आणि मतदानच झालं नाही. इंदूरची नाराजी कायमची नोंदवली गेली. घरी बसलेल्याची नाराजी कुठल्याच कागदावर येत नाही. तिला कुणी नाराजी समजत नाही, संमती समजतात.

तिसरे म्हणतात, ‘माझ्या एका मताने काय होतं?’ मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला लोकसभेची जागा ४८ मतांनी ठरली. त्या मतदारसंघात शंभरातले चाळीसहून जास्त मतदार आलेच नव्हते. अधिक काही बोलत नाही.

शेवटी सैनिकाच्या मताबद्दल. आमचा मताचा अधिकार कायद्याने सुरुवातीपासून होता, पण तो बजावणं कठीण होतं. मतपत्रिका टपालाने यायची, टपालानेच परत जायची. उंचावरच्या चौकीवर बर्फात वाट बंद झाली की टपालच आठवड्यांनी यायचं. मतपत्रिका हातात पडेपर्यंत रेडिओवर निकाल ऐकून झालेला असे. जवान हसून म्हणायचे, ‘साहेब, सरकार तर बनलं, आता हे कुणाला देऊ?’ हसण्यावारी जायचं, पण त्यातला चटका मला आजही आठवतो. ज्या व्यवस्थेसाठी तो तिथे उभा होता, तिच्यात त्याचंच मत मोजलं जात नव्हतं. २००३ मध्ये प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय झाली. २०१६ पासून मतपत्रिका संगणकावरून युनिटपर्यंत पोचू लागली, म्हणजे निदान जाण्याचा अर्धा वेळ वाचला. २०१९ च्या निवडणुकीत सुमारे १८ लाख सेवा मतदार नोंदलेले होते. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातला ‘पत्नी’ शब्द काढून ‘जोडीदार’ असा अर्थ आणला, त्यामुळे महिला अधिकाऱ्यांच्या पतींनाही ती सोय मिळाली.

डोंगरातला रस्ता एकदा बांधला की झालं, असं नसतं. प्रत्येक हिवाळ्यात बर्फ साचतं, दरड कोसळते, आणि कुणीतरी रोज खोरं घेऊन उभं राहतं तेव्हा तो उघडा राहतो. त्या रस्त्यावरून रोज मोठा ताफा जातोच असं नाही. पण ज्या दिवशी जायची वेळ येते त्या दिवशी तो उघडा असावा लागतो. मतपेटीतून सत्तांतराचा रस्ता तसाच आहे. सरकार दरवेळी बदलावं असं नाही. पण बदलायची वेळ आली तर वाट मोकळी असली पाहिजे, आणि ती मोकळी ठेवणं हे मतदाराचं काम आहे. ते सैन्यावर सोपवायचं नसतं. ज्या देशांनी सोपवलं, त्यांची नावं त्या ५७७ मध्ये आहेत.

तेव्हा मंडळी, तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात, ग्वाल्हेरला नाहीतर नागपुरात, आजच्या दिवशी एक काम करा. मतदार यादीत आपलं नाव, पत्ता आणि केंद्र तपासा. घरात अठरा वर्षांचं झालेलं पोर असेल तर त्याचं नाव घाला. मत कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. ते गणवेशात असताना कधी सांगितलं नाही, आणि आताही सांगणार नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.